उलाढाल म्हणजे किती? अर्जावरचा तो एक रकाना भरण्याआधी

बँकेच्या कर्जाच्या अर्जावर एक रकाना असतो, ‘वार्षिक उलाढाल’. माझा कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा आणि मिरची कांडपाचा धंदा आहे. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे धंदा फिरता ठेवायला लागणाऱ्या कर्जासाठी, पहिल्यांदा बँकेत गेले तेव्हा त्या रकान्यात मी ३१ लाख ४० हजार असं लिहिलं. आदल्या रात्री पासबुक घेऊन बसले होते, जमा बाजूची सगळी बेरीज केली होती, दोनदा पडताळली होती. कर्ज विभागातल्या साहेबांनी पानं उलटली, पेन्सिलीने काही नोंदींभोवती गोल केले आणि म्हणाले, “ताई, ही नुसती जमा आहे. उलाढाल नव्हे.”

तिथून कर्ज मंजूर व्हायला अडीच महिने लागले. तोवर मिरचीचा हंगाम निघून गेला आणि वर्षभराची ब्याडगी मला चढ्या भावाने घ्यावी लागली. शिवाय खरी उलाढाल काढताना कळलं की जीएसटीची नोंदणी मी केव्हाच करायला हवी होती. एका शब्दाचा अर्थ नीट माहीत नसल्याने हे झालं. ज्यांनी नुकताच धंदा सुरू केलाय त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

बोलताना आपण उलाढाल हा शब्द दोन तऱ्हांनी वापरतो. ‘नसत्या उलाढाली करू नकोस’ म्हणतो तेव्हा खटपट, उलथापालथ असा अर्थ असतो. व्यापारात मात्र अर्थ नेमका आहे: ठरावीक काळात तुम्ही विकलेला माल आणि केलेल्या कामाची मजुरी, दोन्ही मिळून झालेली एकूण विक्री. बँकेत आणि सीएकडे यालाच टर्नओव्हर म्हणतात. बाजारात कुणी ‘वर्षाचा धंदा किती?’ असं विचारलं तरी बहुतेक वेळा हेच विचारलेलं असतं.

गोंधळ होतो तो गल्ला, उलाढाल आणि नफा या तीन शब्दांत. आमच्याच दुकानातलं उदाहरण घ्या. पाव किलो मसाल्याचं पाकीट १५० रुपयांना. मार्चच्या २८ तारखेला एका किराणावाल्याने १० पाकिटं उधारीवर नेली. त्या दिवशी गल्ल्यात आला शून्य रुपया, पण उलाढाल झाली १,५०० रुपयांची. मिरची, खोबरं, लसूण, तेल, मजुरी, पिशवी हा सगळा खर्च वजा जाता उरले समजा २५०, तो नफा. एप्रिलमध्ये त्याने पैसे दिले तेव्हा गल्ल्यात १,५०० आले, पण त्या दिवसाच्या उलाढालीत काहीही वाढलं नाही. विक्री मार्चमध्येच झाली होती. हे एक उदाहरण मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हाच शब्द इतर ठिकाणी वेगळ्या अर्थाने भेटतो. कंपनीतल्या मनुष्यबळ विभागात टर्नओव्हर म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण. गोदामाच्या हिशोबात स्टॉक टर्नओव्हर म्हणजे वर्षात मालाच्या किती फेऱ्या झाल्या ते. तुमच्या अर्जावरच्या रकान्याशी या दोन्हींचा संबंध नाही.

२. कुठल्या वर्षाचं विचारलंय ते बघा

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. काही जण अजून दिवाळी ते दिवाळी वही ठेवतात. लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजावी, आम्हीही पुजतो, पण सरकारी आकडा एप्रिल-मार्चचाच द्यायचा. अर्जावर ‘मागील वर्षाची प्रत्यक्ष’ आणि ‘चालू वर्षाची अंदाजित’ असे दोन रकाने असतील तर ते वेगळे भरा. धंदा वर्षाच्या मध्यात सुरू झाला असेल तर तेवढ्याच महिन्यांचा आकडा लिहा आणि शेजारी ‘ऑक्टोबर ते मार्च’ असं स्पष्ट नमूद करा. सहा महिन्यांची विक्री दुप्पट करून ‘वार्षिक’ म्हणून लिहू नका.

३. कागद समोर घ्या

- सगळ्या बँक खात्यांची वर्षभराची स्टेटमेंट, बचत खात्याचंही. क्यूआर कोड ज्या खात्याला जोडलाय ते तर हवंच.
- विक्रीची बिलबुकं, किंवा मोबाइलवरच्या बिलाच्या अॅपमधला विक्रीचा अहवाल.
- उधारीची वही. ३१ मार्चला कुणाकडे किती येणं होतं, आणि त्याच्या आदल्या ३१ मार्चला किती होतं, हे दोन्ही.
- रोख विक्रीची रोजची नोंद. नसेल तर आजपासून सुरू करा.
- परत आलेल्या मालाच्या नोंदी.
- जीएसटी नोंदणी असेल तर वर्षभराची रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि ३बी (एकूण विक्री आणि भरलेला कर).
- मागच्या वर्षाचं आयकर विवरणपत्र.

४. आकडा काढा

विक्रीची सगळी बिलं जपून ठेवली असतील तर काम सरळ आहे. वर्षातल्या बिलांची बेरीज करायची, परत आलेला माल वजा करायचा, झालं. पण सुरुवातीला बहुतेकांकडे पक्की बिलं अर्धीच असतात, माझ्याकडेही तशीच होती. मग पासबुकातून उलट चालत जावं लागतं. माझ्या त्या वर्षाचा हिशोब असा मांडला होता.

पासबुकातली एकूण जमा ३१,४०,०००.

त्यातून जे विक्रीचं नव्हे ते काढलं. सोनेतारण कर्जाचे ३,००,०००. माझ्याच बचत खात्यातून चालू खात्यात वळवलेले ४,५०,०००. दिरांनी हातउसने दिलेले १,००,०००. साहेबांनी पेन्सिलीने गोल केले होते ते याच नोंदींवर. उरले २२,९०,०००.

मग बँकेत न गेलेली रोख विक्री धरली. गल्ल्यातून थेट मजुरी दिली, लसूण घेतला, रिक्षाभाडं दिलं, असे वर्षात ४,२०,००० रुपये होते. ही विक्री झालेली आहे, खात्यात दिसत नाही एवढंच. झाले २७,१०,०००.

आदल्या वर्षीची उधारी या वर्षी वसूल झाली ती १,६०,०००. ती विक्री आदल्या वर्षाची, म्हणून वजा. या वर्षी माल दिला पण ३१ मार्चपर्यंत पैसे आले नाहीत असे २,१०,०००, म्हणून अधिक. झाले २७,६०,०००.

शेवटी एका लग्नाच्या ऑर्डरीची मार्चमध्ये घेतलेली ४०,००० रुपयांची उचल. माल एप्रिलमध्ये दिला होता. उचल म्हणजे विक्री नव्हे, ती वजा केली.

खरी उलाढाल निघाली २७,२०,०००. त्यात मसाल्याची विक्री २४,८५,००० आणि लोकांची मिरची कांडून दिल्याची मजुरी २,३५,०००. हे दोन आकडे वेगळे का लिहिले ते पुढच्या पायरीत कळेल.

हा हिशोब करताना आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. चेक वटला नाही तर पासबुकात आधी जमा आणि मग नावे अशी नोंद पडते, ती जमा धरू नका. बुडालेली उधारी उलाढालीतून वजा होत नाही. विक्री झालीच होती, बुडीत रक्कम हा खर्च म्हणून वेगळा दाखवायचा. मालकाने घरून आणून गल्ल्यात टाकलेले पैसे हे भांडवल. आणि जीएसटी नोंदणी असेल तर ग्राहकाकडून घेतलेला कर तुमच्या उलाढालीत येत नाही. मसाल्यावर ५ टक्के कर आहे. पाकिटावर १०५ रुपये छापील किंमत असेल आणि ती करासह असेल, तर तुमची उलाढाल १०० रुपये. वरचे ५ सरकारचे, तुमच्याकडे फक्त थांबलेले.

जुनं यंत्र विकून आलेले पैसे आयकराच्या उलाढालीत धरत नाहीत, पण जीएसटीत तो व्यवहारही पुरवठा ठरू शकतो. म्हणून अशी नोंद सीएला आवर्जून वेगळी सांगा.

५. विचारणारा कोण, त्यावर पुढचं ठरतं

आकडा हाती आला तरी काम संपत नाही. प्रत्येक कार्यालय या शब्दाची हद्द थोडी वेगळी आखतं.

जीएसटी: इथे शब्द आहे ‘एकत्रित उलाढाल’, आणि तो पॅनवर मोजतात. एकाच पॅनवर तुमची दोन दुकानं असतील, एक कोल्हापुरात आणि एक पणजीत, तर दोन्हींची बेरीज. करमाफ मालाची विक्रीही धरायची. एखादा गाळा भाड्याने दिला असेल तर ते भाडंही धरायचं. मालकीच्या धंद्याला वेगळा पॅन नसतो, मालकाचाच असतो, हे विसरू नका. नवऱ्याचं दुकान त्याच्या पॅनवर आणि तुमचा धंदा तुमच्या पॅनवर असेल तर मात्र बेरीज होत नाही.

आता माझी चूक. सगळे सांगत होते, ‘४० लाखांपर्यंत जीएसटीची काळजी नको.’ महाराष्ट्रात आणि गोव्यात ४० लाखांची ही मर्यादा खरी आहे, पण ती फक्त आणि फक्त माल विकणाऱ्यांसाठी. मालासोबत सेवाही देत असाल तर मर्यादा २० लाखांवर येते. लोकांची मिरची कांडून देणं ही सेवा. वर्षाला सव्वादोन-अडीच लाखांची ती मजुरी, पण तिच्यामुळे माझी मर्यादा निम्मी झाली होती आणि मी ती ७ लाख २० हजारांनी ओलांडली होती. ग्राहकांकडून कर घेतलेला नव्हता, त्यामुळे ३६ हजारांच्या घरातला कर खिशातून भरला, वर १८ टक्के दराने व्याज. पिठाची गिरणी आणि सोबत पीठविक्री, शिलाई आणि सोबत कापडविक्री, मोबाइल दुरुस्ती आणि सोबत कव्हरं, असं ज्यांचं काम आहे त्यांनी हे दोनदा वाचावं.

दुसरं असं की महाराष्ट्राबाहेर करपात्र माल विकलात तर साधारणपणे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. निपाणी आमच्यापासून तासाभरावर, पण तिथल्या दुकानदाराला पाठवलेलं पहिलं खोकंसुद्धा आंतरराज्य विक्री असते.

नोंदणी झाल्यावर कंपोझिशन योजनेचा, म्हणजे उलाढालीवर ठरावीक थोडा कर भरायच्या सोयीचा, विचार करता येतो. माल विकणाऱ्यांना १ कोटी ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती घेता येते, उत्पादक आणि व्यापाऱ्यांना १ टक्का कर. पण मग ग्राहकाकडून कर घेता येत नाही आणि परराज्यात विकता येत नाही. शेजारच्या राज्यात गिऱ्हाईक असेल तर ही योजना तुमच्यासाठी नाही.

आयकर: छोट्या धंद्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची योजना आहे, सीए मंडळी तिला ‘४४एडी’ म्हणतात. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत. यात रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरतात. हे टक्के किमान आहेत. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. आणि मनात आलं म्हणून एखाद्या वर्षी योजना सोडलीत तर पुढची ५ वर्षं परत येता येत नाही. फायदा आणखी एक आहे: रोख आणि डिजिटल विक्री वेगळी लिहायची सवय लागते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी: इथे उलाढालीतून निर्यात वगळतात. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. ‘लघु’साठी हे आकडे २५ कोटी आणि १०० कोटी, ‘मध्यम’साठी १२५ कोटी आणि ५०० कोटी. दोनपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी वरच्या गटात जाता. नवीन माणसाने यात अडकून पडण्यासारखं काही नाही, तुम्ही बहुधा सूक्ष्मच आहात. फक्त एवढं लक्षात ठेवा की नोंदणी पूर्ण मोफत आहे. सरकारी पोर्टलसारख्याच दिसणाऱ्या साइट दीड-दोन हजार रुपये मागतात. आधार आणि पॅन हाताशी असलं की सरकारी पोर्टलवर स्वतः भरता येते.

बँक: खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे माल भरायला आणि रोजच्या खर्चाला लागणाऱ्या पैशासाठी, बँका अजूनही रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचं सूत्र वापरतात. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के तुम्ही घालायचे. मागचा विचार असा की पैसा मालात जाऊन परत यायला साधारण तीन महिने लागतात, वर्षात चार फेऱ्या. माझी पुढच्या वर्षाची अंदाजित उलाढाल ३२ लाख धरली, म्हणून कर्जाची मर्यादा बसली ६ लाख ४० हजार आणि माझा वाटा १ लाख ६० हजार. मी मागितले होते १० लाख. सूत्र आधी माहीत असतं तर मागणीच बेताची केली असती आणि आमच्यासारख्यांची वर्षाची मिरची हंगामातच घ्यावी लागते हे अर्जासोबत लिहून दिलं असतं. तुमच्याही धंद्यात वर्षाचा माल एकदाच भरावा लागत असेल तर हे लेखी मांडा. तीन महिन्यांच्या फेरीत तुमचा धंदा बसत नाही हे अधिकाऱ्याला कळायला हवं.

अंदाजित आकडा फुगवू नका. बँक तो जीएसटी रिटर्न आणि खात्यातल्या जमेशी ताडून बघते, आणि वर्षाने नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा बघते.

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांना अन्न विभागाची नोंदणी किंवा परवाना लागतो. साधी नोंदणी पुरेल की परवाना घ्यावा लागेल, हेही उलाढालीवरच ठरतं.

६. माल दुसऱ्याचा असेल तर

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत आहे, म्हणजे दुसऱ्याचा गूळ कमिशनवर विकायचा धंदा. अडत्याच्या दुकानातून वर्षाला कोट्यवधींचा गूळ जातो, मग त्याची उलाढाल किती? आयकर विभागाने १९८६ मध्ये परिपत्रक क्रमांक ४५२ काढून कच्चा अडत्या आणि पक्का अडत्या असा भेद स्पष्ट केला. कच्चा अडत्या शेतकऱ्याच्या वतीने विकतो आणि अडत घेतो, त्याची उलाढाल म्हणजे फक्त ती अडत. पक्का अडत्या स्वतःच्या जबाबदारीवर व्यवहार करतो, त्याची उलाढाल म्हणजे पूर्ण विक्री. एजन्सी, कमिशनवर विक्री, बचत गटाच्या स्टॉलवर दुसऱ्या बायकांचं लोणचं ठेवणं, या सगळ्यांना हाच प्रश्न लागू आहे. जीएसटीत मात्र बिल कुणाच्या नावाने फाटतं ते पाहतात. दुसरीचं लोणचं तुमच्या बिलावर विकलंत तर पूर्ण रक्कम तुमच्याकडे मोजली जाऊ शकते.

७. आकडा लिहा

अर्जाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘रुपये लाखांत’ असं लिहिलेलं असतं. तिथे २७२०००० नव्हे, २७.२० लिहायचं. एका मैत्रिणीने पूर्ण रुपये भरले आणि तिचा अर्ज दोन वेळा परत आला.

पत्रात किंवा प्रकल्प अहवालात वाक्य असं ठेवा: ‘आर्थिक वर्ष २०२४-२५ मधील आमची प्रत्यक्ष उलाढाल रु. २७.२० लाख (कर वगळून) असून, त्यापैकी मालाची विक्री रु. २४.८५ लाख व सेवेची रक्कम रु. २.३५ लाख आहे.’ वर्ष, प्रत्यक्ष की अंदाजित, कर धरून की वगळून, या तिन्ही गोष्टी लिहिल्या की पुढचा माणूस प्रश्न विचारत नाही. आणि पाचव्या पायरीतले नियमांचे फरक सोडले तर एकच आकडा सगळीकडे द्या. बँकेला मोठा, आयकराला छोटा, असं सांगणारे सल्लागार भेटतील. त्यांचं ऐकू नका. पॅनवर सगळी माहिती एकमेकांना जोडलेली आहे.

८. क्यूआर कोड वेगळा करा

जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. हे वाचलं तेव्हा मला माझं ते पासबुक आठवलं. दुकानाच्या क्यूआरवर भिशीचे पैसे, मुलाच्या क्लासची वर्गणी, मैत्रिणीने परत केलेले उसने, सगळं येत असेल तर बाहेरून बघणाऱ्याला ती विक्रीच दिसते, आणि नाही म्हणून दाखवायचं काम तुमच्यावर पडतं. आज बँकेत जा, धंद्याचं चालू खातं उघडा, दुकानात त्याचाच क्यूआर लावा. घरचे व्यवहार त्यात एक रुपयाचेही नकोत.

९. रोज तीन रकाने

आमच्या कांडप यंत्राशेजारी खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक वही असते. तिची पानं मिरचीच्या हातांनी लाल झाली आहेत. रोज संध्याकाळी तीन रकाने भरतो: रोख विक्री, यूपीआय आणि बँकेतून आलेली विक्री, उधारीवर दिलेला माल. कांडपाची मजुरी त्याच पानावर खाली वेगळी. जुनी उधारी आली तर ती मागच्या पानावर, या तीन रकान्यांत कधीच नाही.

महिनाअखेरीला बेरजा करायच्या आणि खाली एक ओळ लिहायची, एप्रिलपासून आजवर किती. जीएसटी नोंदणी नसेल आणि माल-सेवा दोन्ही असतील, तर ती ओळ १६ लाखांच्या पुढे गेली की सीएला फोन करा. जागेचा कर भरल्याची पावती किंवा भाडेकरार, वीजबिल, फोटो, बँकेचा पुरावा जमवायला वेळ जातो, आणि २० लाख ओलांडल्यावर अर्ज करायला हातात फक्त ३० दिवस असतात.